छेत्रीचे ९५ गोल: लिटर किती, फॅट किती?

दर काही महिन्यांनी एक तक्ता व्हॉट्सॲपवर फिरत येतो. देशासाठी सर्वाधिक गोल करणारे पुरुष फुटबॉलपटू. वर रोनाल्डो, मेस्सी, इराणचा अली दाई. हे तिघे शंभरीपार. आणि त्यांच्या खाली, चौथा, आपला सुनील छेत्री. गोल ९५.

हा तक्ता आला की ग्रुपमध्ये दोन तट पडतात. एक तट तिरंगे टाकतो. दुसरा विचारतो, "अरे, भारत फुटबॉलमध्ये आहे कुठे? मालदीवला गोल मारून कोणी मेस्सी होतो का?" वाद रंगतो, मग कुणीतरी 'सुप्रभात' टाकतं आणि विषय संपतो.

दोन्ही तटांकडे अर्धं अर्धं खरं आहे. ते समजायला दूध डेअरीचं उदाहरण घेऊ. डेअरीत दूध घातलं की दोन गोष्टी मोजतात, लिटर आणि फॅट. नुसत्या लिटरवर भाव ठरत नाही. पण फॅट कमी लागली म्हणून 'तुम्ही दूध घातलंच नाही' असंही कोणी म्हणत नाही. छेत्रीचा आकडा म्हणजे लिटर. त्याची फॅट तपासू.

आधी, हा आकडा कशाचा?

क्लबसाठी केलेले गोल यात धरत नाहीत. दोन देशांचे मुख्य, म्हणजे वयाची अट नसलेले संघ खेळतात तेव्हाचेच गोल मोजले जातात. मैत्रीपूर्ण सामनाही चालतो. बरोबरीनंतरच्या पेनल्टी शूटआउटमधले गोल मात्र धरत नाहीत.

२०२३ च्या हांगचौ आशियाई खेळांत छेत्रीने बांगलादेश आणि म्यानमारविरुद्ध एकेक गोल केला. वय ३९, संघ भारताचा, छातीवर तिरंगा. तरी ते दोन गोल ९५ मध्ये नाहीत, कारण ती स्पर्धा तरुण संघांची असते आणि मोजक्याच मोठ्या वयाच्या खेळाडूंना परवानगी मिळते. म्हणजे आकडा फुगवून सांगितलेला नाही. मापात पाप नाही.

पहिला गोल १२ जून २००५ चा, क्वेट्टामध्ये पाकिस्तानविरुद्ध, पदार्पणाच्या सामन्यातच. वय वीस. ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध तो निवृत्त झाला तेव्हा १५१ सामन्यांत ९४ गोल झाले होते. म्हणजे दर ५ सामन्यांत ३. ही सरासरी रोनाल्डो-मेस्सीच्या तोडीची आहे. पंच्याण्णवावा निवृत्तीनंतरचा, त्याच्याकडे शेवटी येऊ.

"पण समोर कोण होतं?"

रास्त प्रश्न आहे. भारत सॅफ स्पर्धा खेळतो, म्हणजे शेजाऱ्यांची: नेपाळ, मालदीव, बांगलादेश, पाकिस्तान. ही स्पर्धा छेत्री संघात असताना भारताने २०११, २०१५, २०२१ आणि २०२३ अशी चार वेळा जिंकली. २०११ ला एकट्याने ७ गोल केले. इथे फॅट कमी आहे, मान्य.

पण ही सवलत एकट्या छेत्रीला नाही. रोनाल्डोने लक्झेंबर्गविरुद्ध ११ गोल केले आहेत. अर्जेंटिनासाठी मेस्सीचा शंभरावा गोल आला क्युरासाओविरुद्ध. हा देश नकाशावर शोधायला भिंग लागेल. प्रत्येक मोठ्या आकड्याच्या तळाशी असं थोडं पातळ दूध असतंच. फरक एवढाच की रोनाल्डो आणि मेस्सीचे वरच्या प्रतीचे लिटरही भरपूर आहेत. छेत्रीला तशी संधीच कमी मिळाली, कारण भारत मोठ्या मैदानात पोचतोच क्वचित.

पोचला तेव्हा काय झालं ते बघा. आशिया कप ही आपल्या खंडातली सगळ्यात वरची स्पर्धा. २०११ ला दोहात भारत तिन्ही सामने हरला. ऑस्ट्रेलियाने ४, बहारीनने ५, दक्षिण कोरियाने ४ गोल घातले. आपण तीन केले, त्यातले दोन छेत्रीचे, एक बहारीनविरुद्ध आणि एक कोरियाविरुद्ध. २०१९ ला अमिरातीत थायलंडला ४-१ हरवलं, दोन छेत्रीचे. पुढचे दोन सामने गोल न करता हरलो. जानेवारी २०२४ ला कतारमध्ये तीन सामने, शून्य गोल.

बेरीज करा. तीन आशिया कप, भारताचे एकूण गोल सात, त्यातले चार एकट्याचे. मला ९५ पेक्षा हे 'सातातले चार' जास्त बोलकं वाटतं. फॅट इथे लागते.

पाच फूट सात इंच, आणि हेडर?

सेंटर फॉरवर्ड किंवा स्ट्रायकर म्हणजे गोलसमोर उभा राहून शेवटचा घाव घालणारा. या जागेला सहसा धिप्पाड माणूस शोधतात. छेत्री १७० सेंटिमीटरचा, तरी त्याने डोक्याने भरपूर गोल केले आहेत. ते कसं जमतं हे पाहायचं तर त्याच्या एखाद्या सामन्यात चेंडू सोडून त्याच्याकडे बघा.

चेंडू बाजूच्या पट्टीवर असतो तेव्हा बचावपटूला एकाच वेळी दोन गोष्टी बघायच्या असतात, चेंडू आणि आपला माणूस. छेत्री बरोबर त्याच्या पाठीमागच्या खांद्याशी जाऊन थांबतो. बचावपटूने त्याला बघायला मान वळवली की चेंडू सुटतो, आणि चेंडूकडे बघितलं की छेत्री सुटतो. क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला उंच चेंडू, येताना तो आधी दोन पावलं मागे सरकतो आणि मग धावत येऊन उडी घेतो. उभ्या जागी उडी मारणारा सहा फुट्या आणि धावत येऊन उडणारा साडेपाच फुट्या यांची डोकी हवेत साधारण एकाच उंचीला येतात. दादरला गर्दीच्या लोकलमध्ये शिरणारा मुरलेला प्रवासी बघितलाय? डबा नेमका कुठे थांबणार ते त्याला ठाऊक असतं, म्हणून त्याला ढकलाढकली करावी लागत नाही. तसंच हे.

नुसती जागा धरण्याचंच कसब होतं असं नाही. १३ जून २०१७, बेंगळुरूचं कंठीरवा स्टेडियम, समोर किर्गिझस्तान. सामना आशिया कपला पात्र ठरण्याच्या फेरीतला. ६९ व्या मिनिटापर्यंत ०-०. छेत्रीने मैदानाच्या मध्यात चेंडू घेतला, गर्दीतून वाट काढत पुढे आला, जेजे या सहकाऱ्याकडे दिला आणि थांबला नाही. जेजेने बचावपटूंच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून परत दिला, आणि तो खाली येता येताच छेत्रीने पहिल्याच स्पर्शात जाळ्यात मारला. सामना १-० ने जिंकला. ९५ पैकी एकच दाखवायचा झाला तर मी हा दाखवेन.

हॅटट्रिक, म्हणजे एका सामन्यात तीन गोल, देशासाठी चार वेळा. दिल्लीत २००८ साली ताजिकिस्तानविरुद्ध, तीही एएफसी चॅलेंज कप या आशियातल्या लहान संघांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात. त्या विजयानेच २०११ च्या आशिया कपचं दार उघडलं. २०२३ ला बेंगळुरूत पाकिस्तानविरुद्ध. उरलेल्या दोन आपल्याकडच्या. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्यात बालेवाडीला व्हिएतनामविरुद्ध आणि जून २०१८ मध्ये मुंबईत अंधेरीला चायनीज तैपेई, म्हणजे तैवानविरुद्ध. बालेवाडीची हॅटट्रिक पुण्यात किती जणांना आठवते, हा प्रश्न पुणेकरांना विचारू नये. ते 'आम्हाला आठवते' असंच म्हणणार.

एवढा चांगला होता तर परदेशात का नाही टिकला?

ग्रुपमधला तिसरा हमखास प्रश्न. तीन वेळा प्रयत्न झाला.

२००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याला करारबद्ध केलं. पण इंग्लंडमध्ये खेळायला कामाचा परवाना लागतो, आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे खेळाडूचा देश जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरात हवा होता. भारत त्याच्या आसपासही नव्हता. परवाना नाकारला गेला. म्हणजे पोरगा मुलाखतीत पास झाला, पण गावाच्या नावावरून नोकरी गेली. इथे त्याला दोष देता येत नाही.

पुढे २०१० ला अमेरिकेत कॅन्सस सिटी आणि २०१२ ला पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगचा दुय्यम संघ. दोन्हीकडे मोजकेच सामने मिळाले. इथे मात्र कारण नियमाचं नव्हतं, वरच्या संघात जागा मिळवण्याएवढा तो त्यांना वाटला नाही. त्याच्या चाहत्यांना हे बोललेलं आवडत नाही, पण खरं तेच आहे. अठराव्या वर्षी तो मोहन बागानच्या सीनियर संघात थेट आला. युरोपात त्याच वयाची मुलं तोवर दहा-दहा वर्षं अकादमीत घासून निघालेली असतात. हे अंतर विशी-पंचविशीत भरून निघत नाही.

या काळात त्याला बराच आधार मिळाला तो गोव्याचा. अमेरिकेला जाण्याआधी तो डेम्पोकडे होता, आणि पोर्तुगालहून आल्यावर चर्चिल ब्रदर्सकडून खेळला. २०१२-१३ ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली मुख्य क्लब स्पर्धा, चर्चिलने जिंकली, तेव्हा तो त्या संघात होता. त्यानंतर बेंगळुरू एफसी, आणि मधल्या काळात २०१५ व २०१६ ला मुंबई सिटी. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक त्याने मुंबईच्याच निळ्या जर्सीत केली.

कॅप्टन म्हणजे नेमकं काय?

आपण क्रिकेटच्या देशातले, म्हणून इथे घोळ होतो. क्रिकेटचा कर्णधार गोलंदाज बदलतो, क्षेत्ररक्षण लावतो, रिव्ह्यू मागतो. फुटबॉलमध्ये यातलं काहीच कर्णधाराच्या हातात नसतं. कोण खेळणार, कोणाला बाहेर काढायचं, डावपेच काय, सगळं बाहेर उभा असलेला प्रशिक्षक ठरवतो. कर्णधार दंडाला पट्टी बांधतो, नाणेफेकीला जातो, रेफरीशी अधिकृतपणे बोलतो. कागदावर एवढंच.

पट्टी कोणाला द्यायची हेही प्रशिक्षकाच्याच हातात. बायचुंग भुतियानंतर ती छेत्रीच्या दंडावर स्थिरावली, तरी प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी मधल्या काळात ती फिरती ठेवली होती. ६ जानेवारी २०१९ ला थायलंडविरुद्ध दोन गोल करून छेत्री तेव्हाच्या मेस्सीच्या आकड्याच्या पुढे गेला. त्या दिवशी पट्टी होती गोलरक्षक गुरप्रीतच्या दंडावर.

मग कर्णधारपद दिसतं कुठे? अंधेरीला. १ जून २०१८, इंटरकॉन्टिनेंटल कप ही चार देशांची स्पर्धा, भारत ५, चायनीज तैपेई ०, छेत्रीची हॅटट्रिक. स्टेडियममध्ये प्रेक्षक २,५६९. मुंबईत एखाद्या लग्नाला याहून जास्त पानं उठतात. दुसऱ्या दिवशी त्याने मोबाइलवर एक साधा व्हिडिओ टाकला. ना संगीत ना काही. हात जोडून एवढंच म्हणाला की शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा. पाऊस कोसळत होता, मैदानात पाणी साचलं होतं, चेंडू घरंगळायच्या ऐवजी जागच्या जागी थबकत होता. आणि तिकिटं संपलेली. भारत ३-० ने जिंकला, दोन छेत्रीचे. त्याला एखादी खुर्ची रिकामी दिसली नसेल, छत्र्या मात्र दिसल्या असतील. सहा दिवसांनी अंतिम सामन्यात पुन्हा केनिया, पुन्हा दोन गोल, कप भारताकडे.

पण एक लक्षात घ्या. संघाच्या कर्णधाराला प्रेक्षकांसाठी हात जोडावे लागले. तिकीटविक्री आणि प्रसिद्धी ज्यांचं काम आहे त्यांची खुर्ची वेगळी, पगारही वेगळा.

मग दुसरा छेत्री का नाही?

हा खरा प्रश्न, आणि इथे त्या ९५ च्या आकड्याची दुसरी बाजू दिसते. एकाच्या पगारावर चालणारं घर असतं ना, तसं भारतीय संघाचं झालं. घरात माणसं अकरा, कमावणारा एक. त्याचा आकडा वाढत गेला कारण पेनल्टी त्याची, शेवटचा पासही त्यालाच. दुसऱ्या कोणाला पुढे आणायचं म्हटलं तर आणणार कोणाला?

बाकीचे कमावते का झाले नाहीत, याचं मोठं कारण क्लबांमध्ये आहे. आयएसएल २०१४ ला सुरू झाली तेव्हा एका संघाचे सहा परदेशी खेळाडू एकाच वेळी मैदानावर असत. पुढे ही मर्यादा पाचवर आणि २०२१ पासून चारवर आली. आता तुम्ही क्लबचे मालक आहात, परदेशी माणसावर पैसा ओतायचाय. कुठे लावाल? जिथे सामना जिंकला जातो तिथेच, म्हणजे स्ट्रायकरच्या जागी. सगळ्यांनी तेच केलं. हॉटेलात परदेशी आचारी आणला, तर त्याला कोणी कांदे चिरायला बसवत नाही. मुख्य शेगडी त्याची, आणि आपली पोरं कांद्यावर.

याचा पुरावा एका ओळीत मावतो. आयएसएलमध्ये दर मोसमात सर्वाधिक गोल करणाऱ्याला गोल्डन बूट मिळतो. २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत अकरा मोसम झाले, आणि एकदाही तो भारतीयाला मिळालेला नाही.

खुद्द छेत्रीही यातून सुटला नाही. २०१७-१८ ला बेंगळुरू एफसी या लीगमध्ये आली तेव्हा गोलसमोरची जागा मिकू या व्हेनेझुएलाच्या खेळाडूला मिळाली आणि छेत्री डाव्या कडेला, विंगर म्हणून खेळला. कडेवरून त्याने १४ गोल केले, मिकूने १५. तो छेत्री होता म्हणून निभावलं. कडेला सरकवलेला वीस वर्षांचा पोरगा कडेचाच होऊन जातो, आणि मग देशाच्या संघात आल्यावर त्याला सांगतात, 'जा, गोल मार.' वर्षभर जी जागा त्याने पाहिली नाही तिथे.

यावर आक्षेप येतोच: परदेशी नसते तर लीगचा दर्जा घसरला असता, लोक बघायला आले नसते. यात तथ्य आहे. परदेशी बचावपटूंशी झुंजूनच आपले काही खेळाडू सुधारले, हेही खरं. पण हा सगळा दोष आयएसएलवर टाकून मोकळं होता येणार नाही. त्याआधीच्या आय-लीगमध्येही गोलसमोर नायजेरियन आणि ब्राझिलियनच दिसायचे. माझ्या मते मर्यादा आकड्याची नको होती, जागेची हवी होती. चार परदेशी घ्या, पण पुढच्या फळीत एक भारतीय असलाच पाहिजे. क्लब कुरकुरले असते. कुरकुरू द्यायचं.

निवृत्त झालेला माणूस परत कसा आला?

नियमाच्या भाषेत 'आंतरराष्ट्रीय निवृत्ती' असं काही नसतं. तो खेळाडूने दिलेला शब्द असतो, सहीचा कागद नसतो. क्लबसाठी तो खेळतच होता, त्यामुळे प्रशिक्षकाने बोलावलं आणि खेळाडू हो म्हणाला की झालं.

आता बोलावलं का, ते तारखा सांगतात. १६ नोव्हेंबर २०२३ ला भारताने कुवेतला १-० हरवलं. त्यानंतर २०२४ चं अख्खं वर्ष गेलं, एकही विजय नाही. २६ मार्च २०२४ ला गुवाहाटीत छेत्रीचा दीडशेवा सामना झाला, त्याने पेनल्टीवर गोल केला आणि तरी भारत अफगाणिस्तानशी १-२ हरला. जूनमध्ये तो निवृत्त झाला, संघ तसाच चाचपडत राहिला. दुसरीकडे तोच माणूस चाळिशीत आयएसएलमध्ये गोलांमागून गोल करत होता. २०२४-२५ च्या मोसमात १४ गोल, सर्व भारतीयांत पहिला. मानोलो मार्केझ या प्रशिक्षकांसमोर हा हिशेब होता. त्यांनी फोन फिरवला नसता तरच नवल.

१९ मार्च २०२५, शिलाँग, समोर मालदीव. भारत ३-० ने जिंकला, ४८९ दिवसांनी. छेत्रीने हेडर मारला. तो पंच्याण्णवावा.

सहा दिवसांनी त्याच मैदानावर, आशिया कपच्या पात्रता फेरीत, बांगलादेशशी ०-०. मग ऑक्टोबरात मडगावला, फातोर्ड्याच्या मैदानात, सिंगापूरशी १-२ हार, आणि २०२७ च्या आशिया कपची वाट बंद. छेत्रीने त्या संघातल्या काही पोरांच्या जन्माआधी नाही, पण ती पहिलीत असताना पहिला गोल केला होता. ती आता पंचविशीची आहेत, आणि त्यांच्यातले बरेच जण आपापल्या क्लबात अजून कडेलाच खेळतात.